कष्ट आणि वाट : खेळाडूच्या ‘पुढे जाण्या’विषयी

१

मराठी समीक्षेने गेल्या तीन-चार दशकांत ‘संहिता’ या संकल्पनेचा पैस पुष्कळ वाढवला. लोकगीते, तमाशाचे वग, चित्रपट, जाहिराती, इतकेच नव्हे तर एस.टी. स्थानकाच्या भिंतीवरचा मजकूरही ‘वाचता’ येतो, हे आता कोणी नाकारत नाही. चर्चासत्रांच्या विषयपत्रिका पाहिल्या तरी या विस्ताराची खात्री पटते. एक प्रांत मात्र या विस्ताराबाहेरच राहिला, तो व्हिडिओ गेमचा. आमच्या वर्गात बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांनी पहिली कादंबरी वाचण्याआधी पहिला गेम शेवटपर्यंत खेळलेला असतो. कथानक, पात्र, संघर्ष, शेवट यांची त्यांची पहिली ओळख तिथे झालेली असते. तरीही ‘तुम्ही काय वाचले आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरात या अनुभवाचा उच्चार होत नाही. तो उच्चारण्याजोगा अनुभव आहे, असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

प्रस्तुत लेखात मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली अशी, की खेळाडूचा एका खेळाकडून दुसऱ्या खेळाकडे होणारा प्रवास हा वाचकाच्या प्रवासाइतकाच समीक्षेचा विषय आहे. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. या प्रवासाला आपण सहजपणे ‘प्रगती’ म्हणतो. ती प्रगती नेमकी कसली असते, हे तपासायचे तर महानगरातल्या खेळाडूपेक्षा बीड जिल्ह्यातल्या केजसारख्या तालुक्याच्या गावातला खेळाडू अधिक उपयोगी साक्षीदार ठरेल. मी त्यांपैकीच एक असल्याने माझेच खेळणे पुरावा म्हणून पुढे ठेवतो. त्यात आत्मचरित्राची हौस नाही. दुसऱ्या कोणाचे खेळणे इतक्या जवळून आणि इतकी वर्षे मला पाहता आलेले नाही, एवढेच त्याचे कारण.

२

खेळ ही गोष्ट मराठी वाङ्मयाला परकी नाही. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण ज्याचा अभ्यास करतो, त्या म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’च्या नावातच ‘लीळा’ आहे. ईश्वराचे वागणे हे खेळणे आहे, अशी ती कल्पना. संतांनी तर खेळांनाच रूपबंध केले. हमामा, हुतूतू, फुगडी, टिपरी, विटीदांडू या खेळांवरच्या रचना गाथांमध्ये आहेत. त्यांत खेळ हा केवळ दृष्टान्त म्हणून येत नाही. खेळाची चाल, त्याचा दम, त्यातली हाक हेच रचनेचे शरीर होते.

मोक्षपटाचे उदाहरण याहून पुढचे आहे. आज आपण ज्याला सापशिडी म्हणतो त्याचे हे जुने रूप. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानदेवांकडे देते. घरांवर सद्गुण-दुर्गुणांची नावे, शिडीने वर, सापाने खाली, आणि चाल कवड्यांच्या दानावर. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की इथे निवेदक नाही. ‘मत्सर केलास तर खाली जाशील’ असे कोणी सांगत नाही. सोंगटी खाली येते आणि ती आणणारा हात आपलाच असतो. उपदेश ऐकणे आणि उपदेशातून चालणे यांतला फरक मोक्षपट रचणाऱ्यांना नेमका कळला होता. केजच्या शेजारी अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. लांबच लांब कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. पान उलटून वाचायचा हा ग्रंथ नव्हे; तो वाचायचा तर कापडाच्या कडेने पुढे सरकावे लागते.

नॉर्वेतील अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी १९९७च्या ‘सायबरटेक्स्ट’ या पुस्तकात अशा संहितांसाठी ‘एर्गोडिक’ हा शब्द वापरला. दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे : ‘एर्गॉन’ म्हणजे काम, कष्ट, ‘होडोस’ म्हणजे वाट. जी संहिता पार करायला डोळे फिरवणे आणि पाने उलटणे पुरत नाही, जिथे वाट काढण्याचे कष्ट वाचकाला स्वतः करावे लागतात, ती संहिता एर्गोडिक. हा शब्द प्रथम वाचला तेव्हा तो आमच्याच भागातून गेला असावा असे वाटले. कष्ट आणि वाट या दोन शब्दांत बीड जिल्ह्यातल्या लाखो माणसांचे वर्ष मावते. दसरा-दिवाळीनंतर गाडीत बिऱ्हाड घालून ऊसतोडीला निघायचे आणि उन्हाळा तापू लागला की परतायचे. तेव्हा खेळातल्या कष्टांविषयी बोलताना या दुसऱ्या कष्टांचे भान ठेवणे भाग आहे. ते सोडून केलेली खेळाची समीक्षा मला तरी करता येणार नाही.

३

माझ्या पिढीला खेळ भेटला तो नक्कल होऊन. निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ हा संच जपानात १९८३ साली आला. आमच्यापर्यंत पोहोचली ती त्याची स्वस्त नक्कल. दोन रिमोट, एक बंदूक आणि एकाच ‘कॅसेट’मध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा. प्रत्यक्षात पाच-सहाच खेळ वेगवेगळ्या नावांनी फिरत असत. कॅसेट लागली नाही तर तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा उपाय कोणी न शिकवता सर्वांना येत होता.

त्या कॅसेटमधला आमचा महाग्रंथ म्हणजे ‘कॉन्ट्रा’. मूळ खेळ १९८७चा. घरगुती संचावर तो १९८८ साली आला. दोन सैनिक, आठ टप्पे, तीन जीव, आणि एक गोळी लागली की मरण. त्याच्या जपानी आवृत्तीत कथा सत्ताविसाव्या शतकातल्या एका बेटावर घडते. अमेरिकी माहितीपुस्तिकेने ती उचलून वर्तमानकाळातल्या ॲमेझॉनच्या जंगलात नेली. हे मला फार उशिरा कळले, कारण आमच्या कॅसेटबरोबर कोणतीही पुस्तिका येत नसे. मुखपृष्ठ, प्रस्तावना, मलपृष्ठावरचा मजकूर यांचा जो परिसर पुस्तकाभोवती असतो आणि जो वाचनाला दिशा देतो, तो इथे मुळातच गैरहजर होता. पडद्यावर आलेली इंग्रजी अक्षरे आम्ही वाचत नव्हतो, ओलांडत होतो.

मग कथा कोणी रचली? आम्हीच. शेवटच्या टप्प्यातल्या त्या धडधडणाऱ्या अवयवाला आमच्या गल्लीत ‘काळीज’ म्हणत. धबधब्याचा टप्पा ‘डोंगर’, बर्फातला टप्पा ‘काश्मीर’. निळा सैनिक आणि लाल सैनिक हे भाऊ होते, आणि थोरला कोण यावर भांडणे होत. वाचकानुसारी समीक्षा संहितेतल्या ‘रिकाम्या जागां’विषयी बोलते, वाचक त्या भरतो आणि अर्थ घडतो, असे सांगते. आमच्यापुढे रिकाम्या जागा असलेली संहिता नव्हती, जवळजवळ संपूर्ण रिकामी संहिता होती. तिच्यावर आम्ही केजची मराठी लिहिली. खेदाची गोष्ट ही, की ते लेखन कोणी नोंदवले नाही. उखाणे, म्हणी, गोट्या-विटीदांडूंच्या खेळातल्या संज्ञा आपण लोकसाहित्य म्हणून गोळा केल्या; व्हिडिओ गेमभोवती तालुक्या-तालुक्यांत जन्मलेली ही बोली मात्र त्या पिढीबरोबर विरते आहे.

‘कॉन्ट्रा’चे दुसरे वैशिष्ट्य असे की त्याला स्मृती नव्हती. जिथे थांबलो तिथून पुन्हा सुरू करण्याची सोय त्यात नव्हती. सरावलेला खेळाडू अर्ध्या तासात तो संपवतो, म्हणून इतरत्र ही उणीव कोणाला जाणवली नसेल. आमच्याकडे भारनियमनाचे दिवस होते. वीज जाण्याच्या वेळा ठरलेल्या असत आणि त्या पाळल्या जातीलच याची शाश्वती नसे. सातव्या टप्प्यावर असताना वीज गेली, की ती येईल तेव्हा पुन्हा पहिले जंगल. डच विचारवंत योहान हॉइझिंगा यांनी १९३८च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये खेळाला जगापासून वेगळे काढलेले रिंगण म्हटले; त्याच्या आत जगाचे नियम स्थगित होतात. आमचे रिंगण विजेच्या तारेला लटकलेले होते आणि जग ती तार केव्हाही ओढू शकत होते. त्यामुळे ‘पुढे जाणे’ याचा आम्हाला कळलेला पहिला अर्थ ‘नव्या ठिकाणी पोहोचणे’ असा नव्हताच. तेच जंगल पुन्हा, आधीपेक्षा कमी चुका करीत ओलांडणे, हा तो अर्थ. प्रगती यंत्राच्या स्मृतीत साठत नव्हती. ती बोटांत साठत होती.

४

वीज गेली की हातातला खेळ बाहेर निघे. त्याला आम्ही ‘ब्रिक गेम’ म्हणत असू. राखाडी पडदा, दोन पेन्सिल सेल, आणि डब्यावर ‘९९९९ खेळ’ अशी बढाई. त्या बढाईच्या आत मूळ खेळ एकच : टेट्रिस. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली तो तयार केला आणि १९८९च्या ‘गेम बॉय’ या हातातल्या संचाबरोबर तो जगभर गेला. चार चौकोनांचे तुकडे वरून पडतात. ते नीट बसवले की ओळ पूर्ण होते आणि नाहीशी होते.

टेट्रिसवरून एक वाङ्मयीन वाद झालेला आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा असा आहे. जॅनेट मरे यांनी १९९७च्या ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ या पुस्तकात टेट्रिसचा अर्थ लावला. कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकी माणसाच्या जगण्याचे ते रूप आहे, असे त्यांचे म्हणणे. फिनलंडचे मार्क्कु एस्केलिनेन यांनी २००१ साली यावर कडाडून हल्ला केला. खेळाचे नियम, त्याची रचना न पाहता त्यावर गोष्ट लादणे ही अर्थनिर्णयातली हिंसा आहे, असा त्यांचा आक्षेप. आपल्याकडे ‘कलावाद की जीवनवाद’ म्हणून जो वाद रंगला, त्याचेच हे वेगळ्या अंगणातले रूप म्हणता येईल.

रचनेच्या बाजूने बोलायचे तर मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराला टेट्रिसइतके चपखल उदाहरण क्वचित सापडेल. लयीची त्यांची तत्त्वे तीन : संवाद, विरोध, समतोल. पडणारा तुकडा खालच्या खाचेशी जुळतो तो संवाद. जुळत नाही आणि पोकळी सोडतो तो विरोध. आणि ओळ नाहीशी होऊन सगळे एका पायरीने खाली बसते, तो क्षणभराचा समतोल. इथे कोणताही जीवनानुभव नाही, पात्र नाही, आशय म्हणून वेगळा काढून दाखवता येईल असे काहीच नाही. आहे ती केवळ इंद्रियगोचर घटकांची लयबद्ध रचना. एस्केलिनेन यांच्या आक्षेपाला मर्ढेकरांनी बहुधा मान डोलावली असती.

आणि तरीही माझे मन मरे यांच्या बाजूला झुकते, त्यालाही कारण आहे. आमच्या वर्गातली काही मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होत आणि परीक्षेच्या सुमाराला उगवत. कारखान्याच्या भागातल्या आठवडी बाजारातून घेतलेला ब्रिक गेम त्यांच्यापैकी एकाजवळ पाहिला, तो माझ्या आठवणीतला पहिला. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांच्याही हाती पोहोचलेला हा एकमेव खेळ. उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून ‘उचल’ घ्यायची आणि ती हंगामभर तोडून फेडायची. कधी फिटते, कधी अंगावर राहते आणि पुढच्या उचलीत मिळते. टेट्रिसमध्ये विजय नाही. ओळी नाहीशा होतात, पण प्रत्येक दहा-वीस ओळींनंतर वेग वाढतो. जो चांगले खेळतो त्याला बक्षीस म्हणून अधिक कठीण खेळ मिळतो. जिंकणे म्हणजे हरणे पुढे ढकलणे. हा अर्थ त्या राखाडी पडद्यात ‘आहे’ असा दावा मी करीत नाही. त्या मुलाच्या हातात तो पडदा पाहिल्यानंतर मला तो वेगळा करता येत नाही, एवढेच म्हणतो. अर्थ संहितेत असतो की वाचकात, या जुन्या प्रश्नात एक तिसरा शब्द घालावा लागेल : संहिता कोणाच्या हातात आहे?

५

पुढच्या दोन खेळांनी ‘पुढे जाणे’ या कल्पनेलाच प्रश्न विचारले, म्हणून त्यांचा विचार एकत्र करतो.

सोनी कंपनीचा ‘प्लेस्टेशन २’ हा संच २००० साली आला आणि जगभर पंधरा कोटींहून अधिक विकला गेला. तेव्हाच्या औरंगाबादला शिकत असताना, अनेक हातांतून आलेल्या अशाच एका संचावर मी ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ खेळलो. फुमितो उएदा यांचा हा खेळ २००५चा. वांडर नावाचा तरुण मेलेल्या मुलीचा देह घेऊन एका निषिद्ध प्रदेशात येतो. एक अदृश्य आवाज त्याला सांगतो : सोळा महाकाय प्राण्यांना मार, मग पाहू. बस्स. मधे गावे नाहीत, किरकोळ शत्रू नाहीत, गुण नाहीत. विस्तीर्ण ओसाड माळ, एक घोडी, आणि मैलोगणिक शांतता. बालाघाटच्या माळावर उन्हाळ्यात उभे राहिलेल्या माणसाला ती शांतता अनोळखी वाटत नाही.

ते महाकाय प्राणी बहुतेक वेळा आपल्या वाटेने चाललेले असतात. हल्ला आपण करतो. पडल्यावर विजयाचे संगीत वाजत नाही, शोकाचे वाजते. काळ्या धाग्यांसारखे काहीतरी नायकाच्या अंगात शिरते आणि खेळ पुढे सरकतो तसतसा त्याचा चेहरा काळवंडत जातो. थांबण्याची सोय एकच : संच बंद करणे. शोकात्म नाटकात नायक चुकतो आणि आपण पाहतो. इथे चूक आपल्या अंगठ्याने होते आणि ती केल्याखेरीज पुढचे पान उघडत नाही. कादंबरीला हे साधत नाही. कादंबरीचा वाचक खुनाचा साक्षीदार होऊ शकतो, हस्तक होऊ शकत नाही. प्रगती आणि पाप यांची अशी सांगड मला कोणत्याही उपदेशपर पुस्तकात भेटलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट. या खेळातली पात्रे एका कल्पित भाषेत बोलतात. ती जगात कोणाचीच मातृभाषा नाही. खाली छापलेली वाक्ये थोडकीच. इंग्रजीला बिचकणारा मी आणि टोकियोतला खेळाडू, त्या आवाजापुढे दोघे सारखेच परके होतो. भाषेच्या बाबतीत कोणत्याही खेळाने मला दिलेली ही पहिली समान वागणूक.

दुसरा खेळ ‘पॅटापॉन’. सोनीच्याच ‘पीएसपी’ या हातातल्या संचावर तो २००७-०८मध्ये आला. पडद्यावर एक डोळा आणि हातपाय एवढेच शरीर असलेली एक छोटी जमात आहे. तिची भूमी हिरावली गेली आहे आणि जगाच्या टोकापर्यंत जायचे आहे. खेळाडू हा त्यांचा देव. पण या देवाला जमातीशी बोलायला शब्द नाहीत, फक्त नगारे आहेत. चार ठोके देवाने वाजवायचे, पुढच्या चार मात्रांत जमात ते गात त्याप्रमाणे वागते. पुढे चालण्याचा ठेका वेगळा, हल्ल्याचा वेगळा. ठोका चुकला की सैन्य अडखळते. सलग अचूक वाजत गेले तर त्यांच्यात अक्षरशः वारे शिरते.

केज-औरंगाबाद एस.टी.च्या प्रवासात कानाला यंत्र लावून मी हा खेळ खेळलो आणि हलगीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला त्यात शिकण्यासारखे फारसे नव्हते. जमाव ठेक्यावर पुढे सरकतो आणि ठेका जमावावर, हे आमच्या भागात मुलाला चालायला येते तेव्हाच कळते. या खेळातला विचार मात्र मला वारकरी वळणाचा वाटला. देव सर्वशक्तिमान नाही. त्यालाही तालात राहावे लागते. भक्त अडखळला तर चूक देवाची. पुढे जाणे ही एकट्याची गोष्ट नाही, दिंडीसारखी एका लयीत पाय पडण्याची गोष्ट आहे. रचनाकारांनी वारी पाहिली असेल असे मुळीच नव्हे. पण वाचकाची परंपरा संहितेला असे अर्थ देते, आणि दूरच्या संहिता आपल्या होतात त्या याच वाटेने.

६

मग आपली संहिता आली. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या चमूने तयार केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२०मध्ये ‘निन्टेन्डो स्विच’वर आणि त्यानंतर इतर संचांवर प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी ही डोंबाऱ्याच्या कसरती जाणणारी मुलगी. दुर्गा आणि विष्णू तिची वाटचाल पाहत आपसांत बोलतात. भिंतीवरची चित्रे उजळून पुराणकथा सांगतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांतून येतात. वाडे आणि गड राजस्थानी वळणाचे.

हातात धरून खेळता येणाऱ्या संचावर, महाराष्ट्रात घडलेला खेळ! मला झालेला आनंद खरा होता, आणि त्या आनंदात मिसळलेली अस्वस्थताही खरी. मी खेळलो तेव्हा दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत होते. जागतिक बाजारात उभे राहायचे तर ते समजण्यासारखे आहे. छोट्या चमूला त्यावाचून गत्यंतर नसते. माझा प्रश्न त्यांना नाही, आपल्याला आहे. देशीवादाची इतकी चर्चा करणाऱ्या आपल्या समीक्षेने या खेळाकडे पाहिले काय? राजी चढते त्या भिंती, ती सोडवते ती कोडी, देव-असुरांच्या कथेच्या मध्यभागी कसरतीवर जगणारी एक मुलगी ठेवण्याचा निर्णय, या सर्वांवर लिहिण्यासारखे पुष्कळ होते. पुराणकथेचे नवे रूप म्हणून कादंबऱ्यांवर प्रबंध होतात. इथे पुराणकथा पुन्हा ‘चालता’ येत होती, मोक्षपटासारखी, आणि आपण तिकडे फिरकलो नाही.

७

आक्षेप ठाऊक आहेत. वेळ वाया जातो, व्यसन लागते, पैसा जातो. यांतला शेवटचा आक्षेप पैसे लावून खेळायच्या प्रकारांना लागू आहे, आणि त्यांनी खेड्यापाड्यांत केलेली हानी खरी आहे. संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये त्यावर बंदीचा कायदा केला तो उगाच नव्हे. पण द्यूत आणि क्रीडा यांतला भेद महाभारत वाचणाऱ्या समाजाला नव्याने सांगावा लागू नये. व्यसनाविषयी बोलायचे तर एकेकाळी कादंबरीवरही नेमका हाच आरोप होता.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे आणि तो खेळाच्या भक्तांना उद्देशून आहे. गेल्या वीसेक वर्षांत संचांनी खेळाडूची प्रगती मोजायला सुरुवात केली : इतके टक्के पूर्ण, इतकी पदके. एका खेळाकडून दुसऱ्या खेळाकडे जाण्याचा हिशेब आता या आकड्यांतच सांगितला जातो. ‘संपवला’, ‘अर्धा राहिला’, ‘पुढचा घेतला’. ही भाषा आमच्या ‘अभ्यासक्रम पूर्ण केला’ या भाषेची सख्खी बहीण आहे. तिच्यात अनुभव मावत नाही. वर ज्या खेळांचा विचार केला त्यांत पुढे जाण्याचे अर्थ वेगवेगळे निघाले : तीच वाट अधिक नेटकी चालणे, हरणे लांबवणे, पापात खोल शिरणे, दिंडीत पाऊल मिसळणे. टक्क्यांत मोजले तर हे सगळे एकच ठरते. समीक्षेचे काम हा फरक सांगणे आहे, आणि ते काम यंत्र करणार नाही.

त्याहून मोठा प्रश्न वाटेचा. डेन्मार्कचे अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३च्या ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’मध्ये एक विरोधाभास मांडला : माणूस अपयश टाळतो, तरी ज्यात अपयश हमखास आहे असे खेळ आपणहून खेळतो. मला त्याचे उत्तर असे दिसते की खेळ बेइमानी करीत नाही. नियम आधी सांगतो, सर्वांना सारखे लावतो, आणि कष्ट केले तर वाट देतो. कष्ट आणि वाट यांच्यातला हा करार खेळाबाहेर दुर्मीळ आहे. ज्या मुलाचे शाळेचे वर्ष ऊसतोडीने मधोमध तुटते, त्याने कष्टांत कसूर केलेली नसते. त्याची वाट जिथे थांबली तिथून पुढे सुरू करण्याची सोय नसते. हंगामी वसतिगृहे त्यासाठीच आहेत. ती नीट चालली तर मूल गावात राहते, वर्ग सुटत नाही. नाही चालली तर दरवर्षी पुन्हा पहिले जंगल. यात खेळाची उपमा वापरून दुःख हलके करण्याचा माझा हेतू नाही. उलट, खेळाने ज्या न्यायाची सवय लावली त्या न्यायाची मागणी जगाकडे करता यावी, असे म्हणायचे आहे. खेळ पलायन शिकवतो असे म्हणतात. मला तर त्याने तुलना शिकवली.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना माझी सूचना साधी आहे. विद्यार्थ्याला एकदा एखाद्या खेळावर लिहू द्या. कथानकाचा सारांश नको, गुण-पदके नकोत. त्या खेळात पुढे जाण्यासाठी काय करावे लागले, ते करताना काय वाटले, आणि गल्लीतल्या मित्रांनी त्यातल्या गोष्टींना कोणती नावे दिली, एवढेच लिहायला सांगा. दलित आत्मकथनांनी मराठी गद्याला जे दिले, त्याची या लेखनाशी बरोबरी करण्याचे कारण नाही. पण जो अनुभव साहित्याच्या दारात उभाच राहू शकत नाही असे मानले गेले होते, त्याला शब्द मिळाले की भाषा वाढते, हा धडा आपण तिथेच शिकलो आहोत. केजच्या गल्लीत ‘काळीज’ म्हटले गेले त्या गोष्टीला परळीत, धारूरमध्ये, गेवराईत काय म्हणत असत? सांगू शकणारी माणसे आज तिशी-चाळिशीत आहेत आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.